आधी तुम्ही

पांढुर्ण्याहून होळीची गाठी आली आणि गाठीसोबत पुन्हा एक साडी आली. मोरपंखी, जरीकाठाची, हातात घेतली तर चांगली वजनदार. ती कोंबायला मी आईच्या कपाटात जागा शोधत होते. मधला खण आधीच भरला होता. संक्रांतीची साडी, दिवाळीची, दसऱ्याची, पोळ्याची. पोळ्याला होणाऱ्या सुनेला साडी कोण पाठवतं? पण आली होती. त्यातली एकही मी अजून अंगाला लावली नव्हती. "लग्नानंतर नेसजो, घाई काय हाय," असं आई म्हणायची. त्या साड्या बघून आनंद व्हायचा सोडून मी कपाट पटकन लावून टाकायचे.

तेवढ्यात विनायकरावांचा फोन आला.

"पूनमबाई, दोन्ही कंप्युटर गोठले. काटा बंद, गेट बंद. गाड्या पार रोडापर्यंत लागल्या. लवकर या."

एरवी ते मला बेटा म्हणतात. बाई म्हटलं की समजायचं, काम अडलं आहे.

मी प्रोग्रामर आहे. नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं काम सौंसरला घरी बसून करते. विनायकरावांचं संत्र्याचं युनिट गावाबाहेर हायवेला आहे. तिथं माल धुतात, पुसतात, त्याला चकाकी आणतात, आकारावरून वेगळा करतात आणि गाड्यांत भरून बाहेर पाठवतात. त्या सगळ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम माझा. एक पडदा वजनकाट्यावर, दुसरा गेटवर.

मोठ्या ठिकाणी डेटाबेस वेगळ्या मशीनवर असतो आणि त्याच्या दिमतीला माणसं असतात. विनायकरावांकडे ना तशी मशीन ना तशी माणसं. म्हणून मी एक लायब्ररी घेतली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. तो आपल्या प्रोग्रामच्या पोटात जाऊन बसतो आणि तिथूनच सगळा डेटा सांभाळतो. गुणी बाई आहे ती, पण स्वतःहून काही ठरवत नाही. मेमरी किती वापरायची, फायली कुठे ठेवायच्या, दोघं एकाच वेळी एकाच नोंदीवर आले तर काय करायचं, हे सगळं डेटाबेस उघडायच्या आधी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. नाही लिहिलं तर ती आपल्या स्वभावाप्रमाणे वागते, आणि तिचा स्वभाव भलताच सोशिक आहे.

सोशिक माणसांचा मला आता वीट आला आहे. का, ते सांगते.

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊन दोन वर्षं होत आली. मुलगा पांढुर्ण्याचा, अंकुर. इंदूरला एका औषधाच्या कंपनीत आहे. वडील केशवराव, आई देवकाबाई; घरची कपाशी, घरची संत्री, माणसं चांगली. जुळवून दिलं ते सावरगावच्या केसरआत्यानं, म्हणजे बाबांच्या चुलत बहिणीनं. साक्षगंधाच्या दिवशी तारखेचं निघालं तेव्हा बाबा म्हणाले, "तुम्ही म्हनसान ती तारीख." केशवराव म्हणाले, "असं कसं? तुमची पोरगी, तुमचं घर. तुम्ही सांगा." बाबा म्हणाले, "नाही नाही, आधी तुम्ही." सगळे कौतुकानं हसले. किती सालस माणसं मिळाली, असं आई घरी आल्यावर म्हणाली.

त्या सालसपणात पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी त्याचं दही झालं. आमच्याकडे कानावर आलं की देवकाबाई म्हणतात, दिवसभर लॅपटॉप घेऊन बसणारी पोरगी घर काय पाहणार. त्यांच्याकडे कानावर गेलं की आमचे बाबा म्हणतात, इंदूरची नोकरी काय सरकारी थोडीच आहे. अंकुर फोन करीनासा झाला आणि मलाही त्याची आठवण येईनाशी झाली. एक दिवस स्वयंपाकघरात बाबा आईला हळूच म्हणताना मी ऐकलं, "थेच लोक मोडतीन तं बरं होईन."

तेच लोक मोडतील! सगळी गोम तिथंच आहे. आमच्याकडे जमलेलं लग्न मोडलं तर पहिला प्रश्न एकच: कोनं मोडलं? ज्यानं मोडलं त्याच्या नावाची हळदीकुंकवापासून तेरवीपर्यंत चर्चा. म्हणून मोडायचं असलं तरी आपण मोडायचं नाही. उलट सगळे सणवार जोरात करायचे, साडीवर साडी पाठवायची, शर्टाच्या कापडावर कापड पाठवायचं, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. दोन्ही घरं एकमेकांना असं सणासुदीनं ठोकत होती, आणि मधे मी. ना लग्न झालेली, ना मोकळी. कंपनी मला पुण्याच्या नव्या ऑफिसात बोलावत होती तर घरचे म्हणायचे, "ठरलेली पोरगी कुठं धाडाची?" मैत्रिणींच्या लग्नात गेले तर "तुझं कधी वं?" दार बाहेरून बंद आणि किल्ली कोणाकडे ते कोणी सांगत नाही, असे ते दिवस होते.

तर युनिटवर पोचले. मृग बहराचा संत्र्याचा माल जोरात होता. गेटपासून रस्त्यापर्यंत गाड्या उभ्या, ड्रायव्हर सावली धरून बसलेले, आणि विनायकराव दोन पडद्यांच्या मधे येरझाऱ्या घालत होते.

"लाल अक्षरात काही आलं नाही," ते म्हणाले. "म्हंजे बिघाड नसन न?"

"बिघाडच आहे काका. फक्त आरडाओरडा करून नाही राहिला."

मी दोन्हीकडे बघितलं. काट्यावरच्या प्रोग्रामनं एका मालाची नोंद धरून ठेवली होती आणि त्याला ती ज्या गाडीत जाणार त्या गाडीची नोंद हवी होती. गेटवरच्या प्रोग्रामनं तीच गाडीची नोंद धरून ठेवली होती आणि त्याला मालाची नोंद हवी होती. हा म्हणतो, तू सोड मग मी सोडतो. तो म्हणतो, आधी तुम्ही. दोघांच्याही पडद्यावर एक गोल चक्र शांतपणे फिरत होतं.

"मंग थांबू द्या थोडं," विनायकराव म्हणाले. "आपोआप सुटन."

"नाही सुटत. पुढच्या होळीपर्यंत थांबू दिलं तरी नाही सुटत."

"बंद करून चालू करू?"

"आत्ता सुटेल. तासाभरानं पुन्हा अडकेल."

सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ मी लिहिली नव्हती, एवढंच झालं होतं. असे एकमेकांत अडकलेले शोधून काढ आणि त्यातला एक बाहेर काढ, असं त्या लायब्ररीला सांगता येतं. पण सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती दोघांनाही थांबू देते. आणि बाहेर कोणाला काढायचं तेही आपणच लिहायचं. सगळ्यात जुना? सगळ्यात नवा? ज्यानं सगळ्यात जास्त धरून ठेवलंय तो? ज्यानं सगळ्यात कमी धरलंय तो? की डोळे मिटून कोणीही?

विनायकराव खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले. "बाहेर काढाचं म्हंजे काय?"

"त्याचं अर्धवट झालेलं काम रद्द. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं."

"चूक कोनाची हाय?"

"कोणाचीच नाही."

"चूक नाही तं काढाचं काऊन? हे काही बरोबर नाही बेटा." मी कामाला लागलेली बघून त्यांना धीर आला होता आणि मी पुन्हा बेटा झाले होते.

"एकाला काढलं नाही तर दोघंही तिथंच बसतात काका. आणि तुमच्या गाड्या रोडावर."

त्यांनी बाहेर गाड्यांकडे बघितलं. मग मनावर दगड ठेवल्यासारखं म्हणाले, "मंग असं करा, ज्याचं नुकसान कमी होईन त्याले काढा."

मला ते पटलं. ज्यानं सगळ्यात कमी धरून ठेवलंय त्याला काढा, अशी ओळ मी लिहिली. पण नुसती ओळ लिहून भागत नाही. ज्याला बाहेर काढलं जाईल त्याला तो नकार पचवता आला पाहिजे. नाहीतर तो आपटतो आणि प्रोग्रामच बंद पडतो. म्हणून दोन्ही प्रोग्राममध्ये जागोजागी लिहावं लागलं: नकार आला तर हातातलं सगळं सोड, थोडं थांब, पुन्हा सुरू कर. मग दोन्ही पडदे बंद केले, कारण ही सेटिंग उघड्या डेटाबेसला लागू होत नाही, आणि नव्यानं उघडले. दुपार होईपर्यंत गाड्या हलल्या. विनायकरावांनी माझ्या स्कूटीच्या डिकीत संत्री भरून दिली.

घरी जाताना मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. राग आला. दोन कंप्युटरांचं दुखणं मी अर्ध्या दिवसात ओळखलं आणि माझ्या स्वतःच्या दुखण्याकडे दोन वर्षं बघत बसले, याचा राग आला. घरात शिरल्या शिरल्या बाबांना म्हटलं, "बाबा, मोडून टाका."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. काय मोडून टाका, हे त्यांनी विचारलं नाही.

"आपून पोरीवाले," ते म्हणाले. "आपल्या तोंडून कसं निघन?"

"त्यांच्या तोंडून पण नाही निघून राहिलं."

"निघन. वाट पाहू."

"मग मी म्हनू का?"

"तू गप राय." त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "तुह्याच अंगावर येईन थे. लोक काय म्हनतीन, पोरीतच काही तरी असन. दुसरं स्थळ येईन का मंग?"

त्यांना माझी काळजी होती, नव्हती असं मी म्हणणार नाही. पण माझी काळजी आणि त्यांचं नाक हे दोन्ही इतकं एकाला एक चिकटलेलं होतं की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

होळी झाली आणि शनिवारी आई म्हणाली, "जामसांवलीले चाल मायासंग." संक्रांतीपासून तिनं शनिवार धरले होते. कशासाठी, तर "तुह्या भल्यासाठी". मी स्कूटीवर तिला घेऊन गेले.

जामसांवलीच्या मारुतीला शनिवारी काय गर्दी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. नारळाच्या दुकानांतून वाट काढत रांगेशी पोचलो आणि समोर देवकाबाई. नऊवारीतल्या, हातात पूजेचं ताट, आणि बाजूला अंकुर. होळीच्या सुटीत आला होता.

"अव्वा, विहीणबाई!" देवकाबाई म्हणाल्या.

"अव्वा, तुम्ही!" आई म्हणाली.

दोघी अशा गळ्यात पडल्या की जन्माच्या मैत्रिणी वाटाव्या. गाठी मिळाली का, साडीचा रंग आवडला का, तुमच्याकडचे अनारसे किती खुसखुशीत, नाही हो तुमच्याच हाताला चव. मी अंकुरकडे बघितलं, अंकुरनं चपलांकडे बघितलं. मग देवकाबाई म्हणाल्या, "पोट्टेहो, तुम्ही बोला थोडं. आम्ही दोघी लायनीत उभ्या राह्यतो."

आम्ही झाडाखाली जाऊन उभे राहिलो.

"कशा आहात?" अंकुर म्हणाला.

"बरी आहे. तुम्ही?"

साक्षगंधाला दोन वर्षं होत आलेली आणि आम्ही अजून तुम्हीच म्हणत होतो. त्याच्या अंगातला शर्ट कॉलरशी विरला होता, तेव्हा काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आमच्याकडून दर सणाला कापड येतं ना शर्टाचं? आवडत नाही का?"

"नाही नाही, चांगलं असते," तो घाईनं म्हणाला. "आई शिवू नाही देऊन राहिली. पेटीत ठेवून हाय सगळे."

"काऊन?"

"म्हनते, शिवलं तं मंग वापस कसं..." आणि त्यानं जीभ चावली.

माझ्या डोक्यात आईचं कपाट उघडलं. मधला खण. एकाही साडीला फॉल लावलेला नव्हता. मी एकदा म्हटलं होतं, फॉल-पिको तरी करून आणते, तर आई अंगावर आली होती. फॉल लावला, ब्लाऊजपीस कापला, की साडी आपली झाली. बिनफॉलची साडी घडी न मोडता परत करता येते. माझी आई पोळ्यापासून परत करायच्या तयारीत बसली होती आणि मला म्हणत होती, घाई काय हाय.

मी हसायलाच लागले. हसता हसता त्याला साड्यांचं सांगितलं.

"मतलब दोन्हीकडून?" तो म्हणाला.

"दोन्हीकडून. तुमची आई आज कशाला आली इथं?"

तो लाजल्यासारखा झाला. "शनिवार धरले हायेत. तुमच्याकडून नकार यावा म्हनून."

"माझ्या आईनं पण धरलेत. तुमच्याकडून यावा म्हणून."

लांब रांगेत दोघी एकमेकींच्या डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या. देवानं तरी कोणाचं ऐकावं! माझी खात्री आहे, दोघींनी मनापासून मागितलं असणार. म्हणूनच काही होत नव्हतं.

"मग झालं तर," मी म्हटलं. "तुम्ही आता जाऊन सांगून टाका."

"मी?" तो दचकला. "मी कसं सांगू? बाबाचं नाक कापलं जाईन. लोक म्हनतीन, पोट्ट्याचं इंदूरले काही तरी असन."

"आहे का?"

"नाही." मग खाली बघून, "हाय."

मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. थोडं वाटलं. मला तो नको होता, तरी वाटलं. माणसाचं मन असं वेडं असतं.

"घरी सांगितलं?"

"अजून नाही. हे सुटल्यावर सांगीन म्हटलं." त्यानं माझ्याकडे बघून अगदी आर्जवानं हात जोडले. "तुम्ही म्हना न. तुमच्याकडून आलं तं सगळं सोपं होईन. आधी तुम्ही."

त्या दोन शब्दांनी माझं टाळकं फिरलं. ज्याचं इंदूरला ठरलेलं आहे, ज्याला माझ्यापेक्षा जास्त घाई आहे, तो हात जोडून मला रांगेत पुढं जागा देत होता.

पण रागातही मी हिशेब केला, धंद्याची सवय. केशवरावांनी नाक धरलं होतं, बाबांनी नाक धरलं होतं, दोघींनी नवस धरले होते, यानं इंदूर धरलं होतं. माझ्या हातात धरायला एक अंगठी होती, तीही ढिली. ज्यानं सगळ्यात कमी धरलंय त्याला काढा. तो नियम मीच लिहून आले होते आणि लिहिताना तो मला फार शहाणा वाटला होता. ज्याच्या डोक्यावर तो नियम पडतो त्याला कसं वाटतं ते आता कळत होतं. अजिबात शहाणा वाटत नाही. लबाड वाटतो. पण आणखी एक वर्ष त्या खणात घडी होऊन पडायची माझी तयारी नव्हती.

मी रांगेशी गेले. अंकुर मागून आला.

"काकू, आई, मला हे लग्न करायचं नाही," मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला. "मी मोडते. मी! सगळीकडे माझंच नाव सांगा."

जामसांवलीला कोणी ओरडलं तर कोणी फारसं वळून बघत नाही. पछाडलेली, दुखणाईत माणसं तिथं येतात, किंचाळतात, रडतात. रांगेतली एक म्हातारी शांतपणे आईला म्हणाली, "हिले थोडं पानी पाजा अन् समोर न्या बाई. बरी होईन."

आईचा चेहरा पांढरा पडला. देवकाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं माय! आमचं काय चुकलं वं? काय कमी केलं आम्ही? एक सण नाही सोडला!"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. मी अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मूठ लगेच मिटली.

आई आता भानावर आली. "माफ करा विहीणबाई," ती म्हणाली. "पोट्टी हातातून गेली. आमचं काही चाललं नाही हिच्यापुढं."

"तुमचा काय दोष हाय?" देवकाबाई म्हणाल्या. "आजकालच्या शिकेल पोट्ट्या. तुम्ही कायले रडता?"

दोघी तिथंच ओट्यावर बसल्या आणि एकमेकींचे डोळे पुसायला लागल्या. इतकं प्रेम त्यांच्यात साक्षगंधाच्या दिवशीही नव्हतं. माझ्याविरुद्ध त्यांची एकदम गट्टी झाली होती. मी अंकुरकडे बघितलं. त्याला बोलायला जागा होती. काकू, मलाही नको आहे, एवढं एक वाक्य, म्हणजे निम्मं ओझं गेलं असतं. मी चांगलं थांबून बघितलं. तो दर्शनाची रांग किती पुढं सरकली ते बघत होता.

आम्ही परत निघालो. स्कूटीवर आईनं माझे खांदे दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. राग होता की दुसरं काही, ते मागं वळून बघता येत नव्हतं.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. बाबा अंगणात उभे राहून केसरआत्याशी फोनवर बोलत होते, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. मी फाटकातून आत आले तशी त्यांनी पट्टी आणखी चढवली.

"माह्या घरात असं कधी झालं नाही! मी तं तारीख काढाले निघालो होतो! केशवरावाले काय तोंड दाखवू मी? पोरीनं नाक कापलं माहं, केसर, नाक कापलं!"

मी फाटक लावलं आणि तिथंच उभी राहिले. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. बाबा मला खूप बोलले. एवढं शिकवलं, डोक्यावर बसवलं, कोणाचा विचार नाही, काही नाही. आणि बोलता बोलता त्यांचा आवाज हलका होत गेला. शब्द तेच होते, पण आतला दाब निघून गेला होता. खांदे खाली आले. शेवटी त्यांनी फोन ठेवला, आईला चहा टाकायला सांगितला आणि चहाबरोबर काही खायला आहे का ते विचारलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी स्वतः खायला मागितलं.

सगळे सुटले. त्या दिवशी पांढुर्ण्यात केशवराव सुटले, देवकाबाई सुटल्या, इंदूरची ती जी कोणी असेल ती सुटली. मीही सुटले, आणि उन्हं कलेपर्यंत खोलीत उशीत तोंड घालून रडले. मला अंकुर हवा होता म्हणून नाही. मला आधी कोणीतरी विचारायला हवं होतं म्हणून.

मग तोंड धुतलं, पडवीत येऊन बसले आणि लॅपटॉप उघडला. थोड्या वेळानं बाबा आले. माझ्या समोरच्या खुर्चीवर टेकले. बराच वेळ हाताच्या रेषा बघत राहिले. आता शेजारचं कोणी ऐकत नव्हतं.

"हे मीच म्हनाले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

आमच्या घरात अशा वाक्याला एक ठरलेलं उत्तर असतं. जाऊ द्या बाबा. मोठ्यांनी एवढं म्हटलं की लहानांनी पटकन तेवढं म्हणायचं, म्हणजे मोठ्यांना पुढचं बोलावं लागत नाही. आजीला बाबा तसं म्हणाले होते, बाबांना आई रोज म्हणते. माझ्याही ओठांवर ते आलं. बाबा त्याची वाट बघत होते, मला दिसत होतं. त्यांचा चेहरा थकलेला होता आणि माझा त्यांच्यावर जीव आहे.

"हो बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणायला पाहिजे होतं."

त्यांनी वर बघितलं. मी नजर वळवली नाही. आतून आईनं जेवायला हाक मारली, दोनदा मारली. बाबा उठले नाहीत, आणि मी त्यांना सोडवलं नाही.